गाडीत मावते तेवढे



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय दिला तो 'प्रवासाला निघताना सामान किती घ्यावे' हा. उन्हाळ्याच्या सुट्ट्या तोंडावर आहेत, कोणी कोकणात निघाले आहे, कोणी मुलाकडे परदेशी, तेव्हा विषय हंगामाला धरून आहे यात शंका नाही. पण तो माझ्यासारख्याच्या वाट्याला का यावा, हे मला प्रथम उमगले नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे काय शिक्षण झाले असेल ते संघटनेच्या कचेरीत, कामगार कायद्याची पुस्तके चाळताना आणि वाचनालयाच्या बाकावर. प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांपैकी मी नव्हे. चिटणिसांना तसे म्हटले तर ते म्हणाले, "तुम्ही दर दिवाळीच्या सुमारास हजारो माणसांना सामान भरताना पाहता की नाही? मग त्यावर बोला." तेव्हा बोलतो.

सामान थोडे असावे, असे सगळेच सांगतात. रेल्वेच्या फलाटावरच्या पाट्या तेच सांगतात आणि घरातली वडील माणसेही तेच. माझी स्वतःची पिशवी म्हणाल तर ती गेली तीस वर्षे एकच आहे : एक पंचा, एक सदरा, वर्गणीचे पावतीपुस्तक, चष्मा आणि गोळ्यांची पुडी. गोळ्या अलीकडच्या. मी अंगावरच्या कपड्यांनिशी कोल्हापुरापर्यंत जातो आणि आठ दिवसांनी परत येतो. लोक म्हणतात, काय साधेपणा! त्यात साधेपणा कसला? जिथे जातो तिथे कोणी ना कोणी कार्यकर्ता भाकरी वाढतो, अंथरूण देतो, त्याची बायको बिचारी सदराही धुऊन टाकते. माझी पिशवी हलकी राहते, कारण तिच्यातले बाकीचे सामान दुसऱ्यांच्या घरी आधीच ठेवलेले असते.

आषाढीच्या आधी त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी आपल्या नगरातून जाते. वारकऱ्याच्या खांद्यावरची पडशी आपण पाहतो. एक धोतरजोडी, तांब्या, टाळ, संपले. त्याच्या विरक्तीला माझाही नमस्कार आहे. पण दिंडीच्या मागून येणारा ट्रकही कधी नीट पाहावा. त्यात राहुट्या आहेत, कढया आहेत, धान्याची पोती आहेत. आणि ट्रकातले कमी पडले तर गावोगाव पिठले-भाकरी घेऊन उभी असलेली माणसे आहेत. वाट भरलेली आहे म्हणून पडशी रिकामी चालते.

आपल्याच भुईकोट किल्ल्यातली गोष्ट घ्या. १९४२ च्या ९ ऑगस्टला भल्या पहाटे मुंबईत पुढाऱ्यांना पकडले आणि काँग्रेस कार्यकारिणीची मंडळी इथे आणून ठेवली. पकडायला आलेला अधिकारी काही चार दिवस आधी पत्र पाठवून येत नाही. हाताला लागले तेवढे घेऊन ती निघाली असणार. पण त्यांतल्या कोणालाही ज्वारीचे पोते आणि चटई घेऊन यावे लागले नाही. कैद्याला जेवू घालणे सरकारला भाग होते. पंडित नेहरूंनी १९४४ साली इथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले आणि मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधल्या पत्रांत आपल्या आवडत्या चिनी चहाचे रसाळ वर्णन केले, तेही इथूनच. इंग्रजाच्या तुरुंगालासुद्धा काही देणे लागत होते, एवढेच मला सुचवायचे आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, सामान किती घ्यावे हे निघणाऱ्याच्या स्वभावावरून फारसे ठरत नाही. पोचायचे तिथे काय ठेवलेले आहे, यावरून ते ठरते. हे मला कोणत्या पुस्तकाने शिकवले नाही. ते पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या बायांनी शिकवले.

आपल्या जिल्ह्याचे दोन जिल्हे आहेत. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, पण हे दुभंगलेपण जुन्याच नावाने चालू आहे. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांना पाणी आले आणि श्रीरामपूर, राहाता, राहुरीकडे उसाचे मळे उभे राहिले. हरिगावला बेलापूर कंपनीचा खाजगी कारखाना होता. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने प्रवरेचा सहकारी कारखाना झाला, १९५०-५१ चा त्याचा पहिला गाळप हंगाम. ही कथा आपण शाळेपासून ऐकतो आणि तिचा अभिमान बाळगतो, मीही बाळगतो. पण ऊस आपल्या पायांनी गव्हाणीत जात नाही. तो तोडावा लागतो, सोलावा लागतो, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहावा लागतो. त्याला माणसे आली ती याच जिल्ह्याच्या कोरड्या अंगाने आणि पलीकडच्या बीडमधून. १९७२ च्या दुष्काळानंतर तर ही वाट राजरस्ता झाली. आता ही माणसे आपल्याच कारखान्यांवर जातात असे नाही, सांगली-कोल्हापूर आणि थेट कर्नाटकापर्यंत जातात.

दसरा झाला की पाथर्डीकडच्या वाड्या-तांड्यांवर सामान भरायला लागतात. बैलगाडीवाली टोळी असेल तर गाड्याही ट्रकवर चढवतात. बाकीच्यांसाठी मुकादम ट्रॅक्टर आणतो, मागे दोन ट्रॉल्या. दहा-बारा कोयते त्यात बसवायचे असतात. कोयता म्हणजे एक नवरा-बायको, शहरातल्या मंडळींना हा हिशेब ठाऊक नसतो म्हणून सांगतो. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. हत्याराच्या नावाने माणसे मोजायची रीत या धंद्यात आहे. तर एका कोयत्याच्या वाट्याला ट्रॉलीची दोनेक फूट फळी येते. तेवढ्यात पाच महिन्यांचा संसार मावला पाहिजे.

हे भरण्याचे काम बाई करते. पुरुष दोर आवळतात, एवढेच. तळाला धान्य. घरची बाजरी नुकतीच निघालेली असते, तिची दोन पोती जातात. त्यांच्या कडेने पेटी, तिच्यात कपडे, तिखट-मीठ, डाळीचे डबे. मग वाकळा. वाकळा मध्ये घालतात त्याला कारण आहे, त्यांच्यावर पोरे झोपायची असतात. कोयते आणि कानस पोत्यात गुंडाळून फळीच्या फटीत, पोरांचा हात लागू नये अशा बेताने. बांबू, चटई, ताडपत्री हे ट्रॉलीच्या बाहेरून आडवे बांधतात. सगळ्यांत वर पाण्याचे पिंप, हंडा, कळशी, तवा, परात आणि थोडे सरपण, कारण रात्री दोन वाजता उतरल्यावर आधी हेच लागते. जे आधी लागेल ते शेवटी भरावे, हा नियम आपल्यातले पुष्कळ प्रवासी परतीच्या वाटेवर शिकतात. कोंबड्यांचे डालगे मागच्या फळीला, शेळी असेल तर तीही. मोबाइलची चार्जरपिशवी पोलक्याच्या आत. देवाची तसबीर घ्यायची की नाही यावर दर घरी बोलणे होते आणि दर घरी ती घेतली जाते.

मुकादम अर्थात ओरडत असतो. "अगं बाई, येवढं कशाला? लगीन करायला निघाली का?" एका मावशीने त्याला दिलेले उत्तर मी कानांनी ऐकले आहे. ती दोर ओढता ओढता म्हणाली, "दादा, तिथं आपलं काय हाये? मंग न्यायचं ते हितूनच न्यायला नको?" आमच्या संघटनेने मागणीपत्रके पुष्कळ काढली, मीच लिहिली. पण या वाक्याइतके नेमके त्यांत काही साधले असेल असे वाटत नाही.

या सामानात एका गोष्टीची मला नेहमी गंमत वाटते, आणि गंमत हा शब्द मी दुःखानेच वापरतो. बैलांसाठी काय भरतात? वाटेपुरत्या कडब्याच्या चार पेंढ्या, झुली आणि दावी. बस्स. कारण फडात वाढे मिळते. ऊस तोडला की त्याचा हिरवा शेंडा बैलाचा असतो. म्हणजे सगळ्या टोळीत पोचण्याच्या जागी ज्याच्या जेवणाची सोय आधीच झालेली आहे असा प्रवासी एकच, आणि तो बैल. तोच हलक्या सामानाने निघतो. त्याच्या धन्याला मात्र शेवटचा मिठाचा खडादेखील घरून न्यावा लागतो.

वर्षानुवर्षे पाहून मला एक सवय लागली आहे. भरलेली ट्रॉली बघून ती कशा तळावर चालली आहे हे मी सांगू शकतो. बांबू-चटई दिसली तर तिकडे निवाऱ्याचे नाव नाही. काही कारखाने कोपीसाठी बांबू-चटई देतात, आणि काही देऊन हिशेबात तिचे पैसेही धरतात. पिंपे जास्त असतील तर पाणी लांब आहे. सरपण भरपूर असेल तर तळ उजाड माळावर आहे. एका कारखान्याने, नाव सांगत नाही, दुसऱ्यांना राग यायचा, तळावर नळ आणि दिवा दिला. पुढल्या दसऱ्याला त्या टोळीच्या ट्रॉलीवर मी पाहिले, घरटी एक पिंप कमी होते. त्या मोकळ्या जागेत एका बाईने शिलाईचे यंत्र बसवले होते. अहवालात या गोष्टी येत नाहीत, ट्रॉलीत दिसतात.

आता धान्याचे बघू. सरकारी कायद्याने, २०१३ च्या, प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते आणि २०२३ पासून ते फुकट आहे. पाच माणसांचे पाच महिन्यांचे झाले सव्वा क्विंटल. म्हणजे त्या ट्रॉलीच्या तळाला जी दोन पोती पडली आहेत, जवळपास तेवढेच धान्य त्या कुटुंबाच्या नावावर सरकारच्या दुकानात आहे. हे कार्ड आता कोणत्याही गावच्या दुकानात चालते. आजी-आजोबा मागे राहिले असतील तर त्यांनी त्यांचा वाटा गावात उचलावा, बाकीच्यांनी फडाजवळच्या दुकानात, अशीही सोय आहे. सोय चांगली आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण प्रत्यक्षात काय होते? यंत्रावर अंगठा ठेवायचा असतो. पाच महिने कोयता धरलेल्या आणि उसाच्या कुसळांनी सोललेल्या अंगठ्याची रेघ यंत्राला ओळखू येत नाही. दुकान उघडे असते दिवसा, आणि बाई फडात जाते पहाटे चारला, ती येते दिवे लागल्यावर. एक दिवस राहिली तर खाडा पडतो, त्याचे पैसे कापतात. शिवाय गहू आणि तांदूळ. भाकरीवाचून मोळी उचलत नाही हे त्या बायांचे म्हणणे मला तरी खोटे ठरवता आलेले नाही. म्हणून कार्ड पेटीत जाते आणि बाजरी तळाला जातेच.

आता मुलांकडे येतो. त्यांना सामान म्हणू नये, पण ट्रॉली भरताना तो प्रश्न सामानासारखाच पडतो : घ्यायचे की ठेवायचे? घेतले तर शाळा जाते. ठेवले तर सत्तर वर्षांच्या म्हातारीच्या गळ्यात. मधल्या काळात, १९९० नंतर, कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, काही फार चांगल्या चालल्या. मग धोरण झाले की मुलांना गावातच ठेवावे, हंगामी वसतिगृहे काढावी. २०२१ साली सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर केली. चालू झालेल्या वसतिगृहांबद्दल मी आभारच मानीन. पण सहा वर्षांचे पोर वसतिगृहात राहत नाही, आणि तेरा वर्षांची पोर आईबाप ठेवीत नाहीत. तिला बरोबर घेतात, धाकट्याला सांभाळायला आणि भाकरी थापायला. किंवा तिचे लग्न लावून देतात, म्हणजे ती दुसऱ्या ट्रॉलीत बसते आणि तिथला अर्धा कोयता पुरा होतो. कायद्याला हे चालत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. मुलीला कुठे ठेवू, हा प्रश्न बाप मला विचारतो तेव्हा कायद्याचे कलम सांगून माझी सुटका होत नाही.

पुढची गोष्ट या सभेत बोलणे मला जड जाते, समोर लेकीसुना बसल्या आहेत. तरी बोललेच पाहिजे. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायांची २०१९ मध्ये पाहणी झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती. ८२ हजारांहून अधिक बायांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कारणे पुष्कळ आहेत. डॉक्टरांचा लोभ आहे, भीती घालणे आहे, लहान वयातली बाळंतपणे आहेत. पण एक कारण बाया सरळ सांगतात. तळावर न्हाणी नाही, संडास नाही, पाणी नाही, आणि दुखते म्हणून बसले तर खाडा. मग ती दुखणारी पिशवीच नको. प्रवासाला निघताना नको ते सामान घरी ठेवून जावे असे आपण म्हणतो. या बायांनी काय ठेवले, हे ऐकल्यापासून तो उपदेश माझ्या तोंडून कोणाला गेलेला नाही.

एवढे सगळे भरून झाल्यावर ट्रॉलीत आणखी एक वस्तू असते. ती दिसत नाही, पण तिच्याशिवाय ट्रॉली हलत नाही. तिचे नाव उचल. दसऱ्याच्या आधी, पावसाळ्यातच, मुकादमाकडून ती घेतलेली असते. मुलीच्या लग्नाला, म्हातारीच्या दवाखान्याला, गेल्या वर्षीची बाकी भागवायला. अलीकडे जोडीमागे लाखाच्या घरात जाते. आता हिशेब मांडू, मला मांडायला आवडतो. २०२४ च्या जानेवारीत संघटनांच्या रेट्याने तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. चांगली जोडी दिवसाला दोन टन तोडते. झाले ७३२ रुपये. लाख रुपये फेडायला १३७ दिवस लागतात, एकही खाडा न पडता, आणि त्यात जेवणखाण धरलेले नाही. २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि मार्चअखेर बहुतेक धुराडी थंड झाली होती. मोजा दिवस. परतीच्या ट्रॉलीत बाजरीची पोती रिकामी असतात, आणि सामान सोपे झाले म्हणून पोरे हातपाय पसरून झोपतात. उचल मात्र बाकी राहून पुन्हा गावाला आलेली असते.

दरवाढीचे लढे पुष्कळ झाले. आपल्या पाथर्डीचे बबनराव ढाकणे, बीडचे गोपीनाथ मुंडे यांनी या माणसांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत आणि दिल्लीपर्यंत नेला. मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळही झाले आहे, गाळप झालेल्या उसाच्या टनामागे कारखान्याने १० रुपये द्यावे आणि तितकेच सरकारने घालावे अशी त्याची रचना आहे. दर वाढलाच पाहिजे, मी त्यासाठी रस्त्यावर बसलो आहे आणि पुन्हा बसेन. पण अलीकडे मी आमच्या तरुण कार्यकर्त्यांना सांगतो की, मागणीपत्रक लिहायच्या आधी एक ट्रॉली उतरवून घ्या. एकेक वस्तू खाली काढा आणि विचारा, ही का आणावी लागली? पिंप उतरले की नळाची मागणी आली. बांबू उतरले की पत्र्याच्या खोल्यांची. बाजरी उतरली की कारखान्याच्या तळावरच रेशन दुकानाची गाडी यावी, संध्याकाळी यावी, आणि अंगठा लागला नाही तर दुसऱ्या खुणेवर धान्य मिळावे, ही मागणी आली. पाळण्याची झोळी उतरली की फडाच्या कडेला पाळणाघराची. महामंडळाकडे पैसे जमतात ते याच गोष्टींवर तळावर खर्च व्हावेत, त्याच्या पाट्या आणि समारंभ थोडे उशिरा झाले तरी चालेल.

कारखान्याचे एक संचालक मला म्हणाले, "अहो, ही माणसे हंगामी आहेत, आज आहेत, उद्या नाहीत." मी त्यांना विचारले, कारखाना किती वर्षे चालू आहे? म्हणाले, पन्नासाच्या वर. म्हटले, मग पन्नास वर्षांत असा एक तरी हिवाळा गेला का, की तळावर माणसे नव्हती? माणूस बदलत असेल, तळ रिकामा नव्हता. त्यांनी चहा मागवला. चहा चांगला होता.

या दसऱ्याला आम्ही एक छोटे काम धरले आहे, त्यात तुमचा हात लागेल तर हवा आहे. निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला एक जाड प्लास्टिकची पिशवी द्यायची. तिच्यात रेशनकार्डाची प्रत, मुलाचा शाळेतला दाखला आणि शिक्षकाने भरलेले हमीपत्र, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावे. लहान मुलाच्या लशींचे पुस्तक. मुकादमाशी झालेला उचलीचा करार, दोघांच्या सह्यांचा, कारण तो नसेल तर बाकीचा आकडा दर वर्षी मुकादमाच्या वहीतच वाढतो. हे कागद भरायला, शाळेत आणि तहसिलात खेटे घालायला लिहिता-वाचता येणारी माणसे लागतात. कॉलेजातली मुले आली तर बरेच. गेल्या साली आम्ही हे थोड्या वाड्यांत करून पाहिले. बायांनी ती पिशवी पेटीत ठेवली नाही. काहींनी पिंपात टाकली, पाणी भरायच्या वेळी सापडेल म्हणून, आणि ती खरोखर सापडली. तेव्हा यंदा पिशवीचे तोंड शिवून घेणार आहोत.

ज्यांना यायचे असेल त्यांनी चिटणिसांकडे नाव द्यावे.